९५ नवे पक्षी आणि थोडा मकरंद

‘विंगस्पॅन’ या पक्ष्यांवरच्या बोर्ड गेममध्ये प्रत्येकाला बरोबर २६ खेळ्या मिळतात. पहिल्या फेरीत आठ, मग सात, मग सहा आणि शेवटच्या फेरीत पाच. दोघं बसा नाहीतर पाच जण बसा, पक्षी मनासारखे येवोत न येवोत, हा आकडा हलत नाही. या खेळाला ‘रिलॅक्सिंग’ म्हणणारे लोक सहसा त्यातल्या चित्रांचं, फिक्या रंगांच्या इवल्याशा अंड्यांचं आणि पाखरांच्या घरासारख्या दिसणाऱ्या फाशांच्या पेटीचं कौतुक करतात. कौतुक रास्तच आहे. पण निवांतपणाचं मूळ मला विचाराल तर ते या २६ मध्ये आहे. डाव कधी संपणार हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं आणि तो लांबवणं किंवा घाईने उरकणं कुणाच्याच हातात नसतं.

अशा खेळाला एक्स्पान्शन, म्हणजे नंतर निघालेला पुरवणी डबा, जोडलं की तो सुधारतो की बिघडतो, यावर खेळणाऱ्यांच्या घोळक्यात कायम वाद होतो. जास्त पत्ते, जास्त सोंगट्या, जास्त नियम म्हणजे जास्त मजा, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, चांगल्या चाललेल्या खेळाला कशाला हात लावायचा? दोन्ही बाजू एक्स्पान्शनबद्दल बोलताना नवीन काय आलं ते मोजतात. ते नवीन खेळाच्या कुठल्या भागात जाऊन बसलं, हे फारसं कुणी बघत नाही. सगळा फरक तिथे पडतो.

विंगस्पॅन हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्याची एक्स्पान्शनं वेगवेगळ्या जागी जाऊन बसलेली आहेत. हा खेळ रचला एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात राहणाऱ्या, आरोग्यधोरणाच्या क्षेत्रात सल्लागार म्हणून काम केलेल्या आणि पक्षीनिरीक्षणाचा नाद असलेल्या या बाईंना किल्ले आणि अंतराळयुद्ध यांवरच्या खेळांचा कंटाळा आला होता. स्टोनमायर गेम्स या प्रकाशकाने २०१९ मध्ये त्यांचा खेळ बाजारात आणला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतला ‘केनरश्पील देस यारेस’ हा पुरस्कार मिळाला. थोड्या सरावलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांना हा पुरस्कार देतात. डब्यात उत्तर अमेरिकेतल्या १७० पक्ष्यांचे पत्ते होते. प्रत्येक पत्त्यावर पक्ष्याचं चित्र, अन्न, घरट्याचा प्रकार, अंड्यांची क्षमता आणि पंखांची लांबी सेंटिमीटरमध्ये.

ही लांबी निव्वळ शोभेची नाही. शिकारी पक्ष्याची पाळी आली की गठ्ठ्यातला वरचा पत्ता उलटायचा. त्यावरच्या पक्ष्याचे पंख ठरलेल्या मापापेक्षा, समजा ७५ सेंटिमीटरपेक्षा, लहान असतील तर शिकार साधली. तो पत्ता शिकाऱ्याच्या खाली सरकवायचा, एक गुण. पंख मोठे निघाले तर शिकार निसटली. नियमपुस्तिका न उघडता एखाद्या लहान मुलाला हे पटतं, कारण ससाणा बगळ्याच्या वाटेला जात नाही हे त्याला आधीच माहीत असतं.

खेळाडूच्या पुढ्यात एक पट असतो आणि त्यावर तीन आडव्या ओळी: जंगल, गवताळ माळ आणि पाणथळ. जंगलात अन्न मिळतं, माळावर अंडी, पाणथळीत नवे पत्ते. प्रत्येक खेळीत चारच गोष्टींपैकी एक करायची. एक तर हातातला पक्षी पटावर लावायचा, नाहीतर या तीनपैकी एक ओळ चालवायची. ओळ चालवली की त्या ओळीतले पक्षी उजवीकडून डावीकडे आपापलं काम करतात. कुणी दाणा साठवतो, कुणी अंडं घालतो, कुणी पत्ता ओढतो. सुरुवातीला ओळ रिकामी असते, म्हणून खेळी चुटकीसरशी होते. शेवटाकडे पाच पक्ष्यांची रांग एकामागून एक चालते आणि आपणच लावलेलं यंत्र आपल्यासमोर फिरताना पाहण्याचं सुख मिळतं.

आणि या सगळ्यात शेजारी तुमचं काही बिघडवू शकत नाही. तुमचा पक्षी कुणी उडवत नाही, तुमची अंडी कुणी फोडत नाही. फार तर तुम्हाला हवा असलेला पत्ता त्याने आधी उचलला, एवढंच. गुलाबी पट्टीचे काही पक्षी तर दुसऱ्याच्या खेळीवर तुम्हाला फायदा देतात, म्हणजे तो जिंकत असला तरी तुमच्या हाती काहीतरी पडतं. हरलेला माणूसही शेवटी आपल्या पटावर भरलेलं रान बघत बसतो. असा हरणारा भांडत नाही.

तरीही मूळ खेळात दोन काटे होते आणि जरा मुरलेल्या खेळाडूंना ते टोचू लागले. पहिला काटा शेवटच्या फेरीतला. माळाची ओळ पक्ष्यांनी भरली की एका खेळीत चार अंडी मिळतात आणि प्रत्येक अंड्याला एक गुण. नवा पक्षी लावायचा तर आधी अन्न जमवा, वर त्या घराची किंमत म्हणून एक-दोन अंडी मोडा, आणि एवढं करून हाती पडणार चार-पाच गुण. त्यापेक्षा चार अंडी घाला, पुन्हा चार घाला, पुन्हा घाला. चौथ्या फेरीतल्या पाचही खेळ्या बरेच जण अशाच घालवत. रान फुललेलं असताना सगळे मान खाली घालून अंडी मोजत बसलेत, हा शेवट काही शोभेचा नव्हता. दुसरा काटा रेव्हन जातीच्या दोन मोठ्या कावळ्यांचा. आपल्याच कुठल्यातरी दुसऱ्या पक्ष्याचं एक अंडं मोडायचं आणि हवं ते दोन अन्न घ्यायचं, अशी त्यांची करामत आहे. डावाच्या सुरुवातीलाच यातला एखादा कावळा कुणाच्या हाती लागला की त्याची अन्नाची चिंता जवळपास मिटते आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात.

पहिलं एक्स्पान्शन त्याच वर्षी, २०१९ मध्ये आलं. ८१ युरोपीय पक्षी, पंधरा जांभळी अंडी, थोडं अन्न. मोठा नियम एकच होता: काही पक्ष्यांची शक्ती फेरी संपताना लागू होते. त्यांची पट्टी मोरपंखी रंगाची. मूळ पटाला, फाशांना, फेऱ्यांच्या हिशोबाला त्याने हातही लावला नाही. सगळं नवं पत्त्यांच्या गठ्ठ्यात गेलं. हे पक्षी एकमेकांशी देवाणघेवाण थोडी वाढवतात आणि हातात साचलेल्या जादा पत्त्यांचा, अन्नाचा काही उपयोग करू देतात. खेळाची चाल मात्र तीच.

गठ्ठ्यात बसलेल्या एक्स्पान्शनचा एक गुणधर्म लक्षात घेण्यासारखा आहे. ते पातळ होत जातं आणि इतरांनाही पातळ करतं. १७० मध्ये ८१ मिसळले की २५१ होतात आणि साधारण तिसरा पत्ता युरोपीय निघतो. पुढे त्यात दुसऱ्या एक्स्पान्शनचे ९५ आणखी घातले की ३४६ झाले, मग युरोपीय पत्ता चौथा-पाचवा. त्या दोन कावळ्यांचंही तसंच. पूर्वी ८५ पत्त्यांत एक होते, आता १७३ मध्ये एक. एकाही नियमात बदल न करता निम्मा काटा निघाला. मूळ खेळातल्या बोनस पत्त्यांवर एक टक्केवारी छापलेली असते. नावात रंग असलेले पक्षी गोळा करा, नावात शरीराचा अवयव असलेले करा, आणि असे पक्षी गठ्ठ्यात इतके टक्के आहेत. गठ्ठा वाढला की ही टक्केवारी थोडी खोटी पडते. मी स्वतः याकडे कधी लक्ष दिलेलं नाही. ज्यांना टक्केवारी पाहून बोनस निवडायची सवय आहे त्यांना ते खटकतं, आणि असा एक तरी गडी प्रत्येक टेबलावर असतोच.

युरोपीय पत्ते मी एकदा मिसळले की परत काढत बसणार नाही. नवख्याला शिकवतानाही ते आड येत नाहीत. मोरपंखी पट्टीचा पक्षी हातात आला तर तेव्हा सांगायचं, ‘हा फेरीच्या शेवटी चालतो.’ एक वाक्य. न आला तर तेही नाही.

दुसरं एक्स्पान्शन २०२० मधलं, ‘ओशनिया’. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे ९५ पक्षी. त्यात इमू आहे, किवी आहे, उडता न येणारा काकापो पोपट आहे, आणि उडू न शकणाऱ्या पक्ष्यांच्या पत्त्यावर पंखांच्या लांबीच्या जागी नुसती चांदणी छापलेली आहे. या चांदणीला हवं ते माप मानायची मुभा आहे. पण खरा बदल पत्त्यांत नाही, फाशांत आणि पटात आहे. जुने पाच फासे बाजूला ठेवायचे आणि नवे घ्यायचे, त्यांच्या काही बाजूंवर मकरंद. जुने पट बाजूला ठेवायचे आणि नवे घ्यायचे, त्यांवर माळाच्या ओळीचं आकर्षण कमी केलेलं, जंगल आणि पाणथळ वाढवलेली.

मकरंद का, तर तिकडच्या निसर्गात तो आहे म्हणून. ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या बेटांवर मधुभक्षी पक्ष्यांचं एक अख्खं कूळ नांदतं, त्यात सुमारे १९० जाती आहेत. लोरिकीट पोपटांच्या जिभेचं टोक तर ब्रशसारखं केसाळ असतं, निलगिरीच्या आणि बँक्सियाच्या फुलांतला रस टिपायला. खेळात मकरंद कुठल्याही अन्नाच्या जागी चालतो. मासा हवाय? मकरंद द्या. दाणा हवाय? मकरंद द्या. फक्त तो टिकत नाही. फेरी संपली की न वापरलेला सगळा मकरंद टाकून द्यावा लागतो. आणि वापरलेला जात नाही, तो ज्या ओळीसाठी वापरला तिथे पटावर जमा होतो. डावाच्या अखेरीस प्रत्येक ओळीत सर्वांत जास्त मकरंद वापरणाऱ्याला पाच गुण, दुसऱ्याला दोन.

रचना म्हणून हे फार हुशारीचं काम आहे. अन्नाची अडचण कमी झाल्यामुळे शेवटच्या फेरीतही पक्षी लावणं परवडतं, त्यामुळे अंडी मोजत बसायची वेळ येत नाही. मकरंद फाशांत आणि पटात बसलेला असल्यामुळे गठ्ठ्यात कितीही पत्ते मिसळा, तो पातळ होत नाही. प्रत्येक डावात, प्रत्येक खेळीत तो हजर असतो. काटा मुळातून उपटला गेला.

पण या उपचाराचे परिणाम टेबलावर बसल्यावर दिसतात. आधी माणूस आपल्या पटाकडे आणि मधल्या फाशांकडे बघत असे. आता तो मान वर करून शेजाऱ्याच्या पटावर जंगलात किती मकरंद पडलाय ते मोजतो. तीन ओळींचे मिळून पंधरा गुण दुसऱ्याशी तुलना करूनच मिळणारे आहेत, मग मोजणार नाही तर काय करणार? फेरी संपत आली की हातातला मकरंद वाया जाऊ नये म्हणून धावपळ होते. पक्षी लावताना ‘दाणा देऊ की मकरंद देऊ’ हा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न पूर्वी नव्हता. अन्न मुबलक झाल्यामुळे पटावर पक्षीही लवकर भरतात, मग ओळ चालवताना पाच पक्ष्यांची रांग एक फेरी आधीच सुरू होते. खेळी लांबते.

आता त्या २६ च्या आकड्याकडे परत या. पाच जण बसले तर डावात १३० खेळ्या होतात. प्रत्येकीला सरासरी अर्धं मिनिट धरलं तर ६५ मिनिटं. डब्यावर ४० ते ७० मिनिटं लिहिलेलं असतं, त्यात बसतं. समजा नव्या नियमांमुळे प्रत्येक जण दर खेळीला फक्त पंधरा सेकंद जास्त थबकला. डाव साडेसत्त्याण्णव मिनिटांवर गेला. दोघंच असतील तर खेळ्या ५२ आणि वाढ तेरा मिनिटांची, कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय पाच जणांत तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत पूर्वी दोन मिनिटं जायची, आता तीन. दोन मिनिटांत माणूस चहा घेतो आणि परत बघतो. तीन मिनिटांत फोन हातात घेतो. आणि एकदा फोन हातात आला की ‘कुणाची पाळी आहे?’ हे वाक्य सुरू होतं. अशा खेळाचा निवांतपणा या वाक्याने जितका मरतो तितका कुठल्याही स्पर्धेने मरत नसेल.

म्हणून ओशनियाबद्दल माझं मत दोन तुकड्यांत आहे. खेळ म्हणून तो मूळ विंगस्पॅनपेक्षा सरस आहे, त्यात शंका नाही. विश्रांती म्हणून तो मूळ खेळापेक्षा उणा आहे, त्यातही शंका नाही. ‘सुधारतो का’ या प्रश्नाला एकच उत्तर मागणारे लोक इथे चिडतात. पण संध्याकाळी दोघं मुरलेले खेळाडू बसले असतील तर ओशनियाच काढावा, आणि रविवारी दुपारी पाहुण्यांसह पाच जण असतील, त्यातले दोघं पहिल्यांदाच खेळणार असतील, तर त्याचा डबा कपाटातच बरा.

विंगस्पॅनच्या घड्याळाला निदान पत्त्यांनी धक्का लागत नाही. सगळ्या खेळांचं असं नसतं. ‘कार्कासोन’ घ्या. दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं नाव घेतलेला, क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा खेळ २००० मध्ये जर्मनीतल्या हान्स इम ग्ल्युक या प्रकाशकाने आणला, आणि पुढच्या वर्षी त्याला ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार मिळाला. पिशवीतून पुठ्ठ्याची एक फरशी काढायची, टेबलावर आधीच्या फरशीला जुळवायची, वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा. रस्ता रस्त्याला, तट तटाला. बघता बघता टेबलावर एक मुलूख उभा राहतो. इथे घड्याळ म्हणजे फरश्याच. मूळ डब्यात ७२ फरश्या आहेत आणि त्या संपल्या की खेळ संपला.

पहिलं मोठं एक्स्पान्शन २००२ चं, ‘इन्स अँड कथीड्रल्स’, १८ फरश्यांचं. दुसरं २००३ चं, ‘ट्रेडर्स अँड बिल्डर्स’, २४ फरश्यांचं. तिसरं २००५ चं, ‘प्रिन्सेस अँड ड्रॅगन’, ३० फरश्यांचं. बेरीज करून बघा: बरोबर ७२. तीन डबे घेतले आणि सगळे एकत्र ओतले की खेळ मोजून दुप्पट लांबला, आणि तेही कुणी जास्त विचार करत बसला नाही तर. पिशवीत फरश्या ओतताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अर्ध्या तासाचा खेळ अर्ध्या तासाचाच राहील अशी समजूत असते.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या डब्यांची तुलना मात्र लांबीच्या पलीकडची आहे. पहिल्यात कथीड्रल असलेलं शहर पूर्ण केलं तर दर फरशीला दोनऐवजी तीन गुण, आणि अपुरं राहिलं तर शून्य. खानावळ असलेल्या रस्त्याचंही तसंच, पूर्ण झाला तर दुप्पट, राहिला तर काही नाही. तुमच्या खेळीत एकही पायरी वाढली नाही. फरशी काढा, लावा, माणूस ठेवा, तेच. फक्त जो मोठं शहर बांधायचा हट्ट धरतो त्याच्या हट्टाची किंमत वाढली. त्या शहराला कथीड्रल चिकटवून शेजारी त्याला अडचणीतही आणू शकतो, पण ते फरशी लावण्याच्या नेहमीच्याच खेळीतून. तिसऱ्या डब्यात ड्रॅगन आहे. ड्रॅगनची फरशी निघाली की सगळे खेळ थांबवतात आणि पाळीपाळीने त्याला एकेक घर हलवतात, एकूण सहा घरं. ज्या फरशीवर तो जातो तिथली माणसं उचलून मालकाला परत. पंधरा मिनिटं कुणीतरी मन लावून उभं केलेलं शहर बेवारस होतं. काही घरांत ड्रॅगन हा खेळाचा सर्वांत लाडका भाग आहे, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरांत, आणि त्यांची मजा खरी आहे. पण मुलूख जुळवत बसण्याचा तो जुना खेळ तिथे उरत नाही. पुढे याच खेळाला कैदी पकडून खंडणी मागणारा मनोरा मिळाला, आणि २००८ मध्ये चक्क एक गोफणयंत्र मिळालं, ज्याने टेबलावर चकत्या उडवायच्या. प्रकाशकाची गंमत समजू शकतो. विकत घेणाऱ्याची समजत नाही.

निवांत खेळाला थेट निर्णयांनी भरून टाकण्याचं उदाहरण हवं असेल तर ‘टोकाइडो’ बघा. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराचा २०१२ मधला हा खेळ जपानच्या जुन्या टोकाइडो मार्गावरून क्योटोपासून एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकियोपर्यंत चालत जाण्याचा आहे. जो सर्वांत मागे असेल त्याची पाळी. प्रत्येक मुक्कामावर एकच काम होतं. शेतावर थांबलात, तीन नाणी घ्या. गरम पाण्याच्या झऱ्यावर थांबलात, दोन-तीन गुण घ्या. प्रश्न एवढाच की पुढे किती जायचं आणि मागच्याला किती मोकळे मुक्काम सोडायचे. २०१३ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ आलं आणि मुक्कामांवर दोन-दोन पर्याय झाले. शेतावर नाणी घ्या किंवा जुगार खेळा. अनुभवी समीक्षकांनी त्याचं स्वागत केलं, कारण मूळ खेळ त्यांना फार पोकळ वाटायचा. मला त्यांचं म्हणणं कळतं. पण ती पोकळी चालण्याची होती. चालताना माणूस काही ठरवत नसतो, म्हणून तर तो चालायला जातो. आता तो दर थांब्यावर हिशोब करतो.

याच्या उलट टोकाला ‘अझुल’चं एक छोटंसं एक्स्पान्शन आहे. पोर्तुगालमधल्या रंगीत भिंतफरश्यांवर बेतलेला मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ २०१७ चा, २०१८ चा ‘श्पील देस यारेस’ विजेता. त्यात गुळगुळीत चौकोनी फरश्या सपाट पुठ्ठ्यावर मांडायच्या असतात, आणि कुणाचा कोपर टेबलाला लागला की अख्खी भिंत सरकते. कुठली फरशी कुठे होती यावर मग साक्षी-पुरावे सुरू. २०२० मध्ये आलेल्या ‘क्रिस्टल मोझेक’मध्ये भिंतीचे नवे नमुने होते, पण लोकांनी तो घेतला त्यातल्या पारदर्शक चौकटींसाठी. चौकट पटावर ठेवायची, फरशी तिच्या खाचेत बसते आणि हलत नाही. नियम तोच, निर्णय तेवढेच, फक्त दर दोन डावांत होणारा एक अपघात बंद झाला.

आपल्याकडे पत्त्यांत हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. झब्बू खेळताना भिडू वाढले की आणखी एक कॅट मिसळतात. सात जणांत ५२ पत्ते वाटले तर हातात सात-आठच येतात आणि डाव सुरू व्हायच्या आत संपतो. दोन कॅट घेतले की प्रत्येकाला पुरेसे पत्ते मिळतात, आणि शिकवायचं मात्र काहीच नसतं.

विंगस्पॅनच्या तिसऱ्या डब्याकडे, ‘एशिया’कडे, मी थोडं पक्षपाताने बघतो हे आधीच सांगतो. २०२२ मध्ये आलेला हा डबा एकट्याने किंवा दोघांनी खेळण्यासाठी स्वतंत्र आहे आणि मूळ खेळाला जोडताही येतो. त्यात ९० पक्षी आहेत. दोघांच्या खेळात मध्ये एक सामायिक नकाशा असतो, पक्षी लावला की त्यावर आपली खूण ठेवायची. म्हणजे पुन्हा शेजाऱ्याकडे लक्ष आलंच, पण दोघांत ते भारी होत नाही. सहा-सात जणांनी खेळायची सोयही त्यात आहे, एकाच वेळी दोघांच्या पाळ्या चालवून. सात जणांनी हा खेळ खेळावा असं मला मुळीच वाटत नाही, पण सोय आहे.

पक्षपात पत्त्यांमुळे. मूळ डब्यातल्या उत्तर अमेरिकेच्या गाणाऱ्या पक्ष्यांशी आपली काही ओळख नाही. त्यांची नावं आपण वाचतो आणि विसरतो, पत्ता म्हणजे अन्न, अंडी आणि गुण एवढंच उरतं. एशियाच्या गठ्ठ्यात मोर निघतो, सुगरण निघते, लालबुड्या बुलबुल निघतो. आणि रानपिंगळा निघतो. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणी खात्रीने पाहिलेलं नव्हतं, ते नामशेष झालं असंच मानलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, ११३ वर्षांनी. नंतर ते मेळघाटातही सापडलं. नंदुरबारच्या डोंगरातला पक्षी अमेरिकेत रचलेल्या खेळाच्या पत्त्यावर बघताना मराठी खेळाडू गुण मोजायचं क्षणभर थांबवतो. शेजारी बसलेल्याला तो पक्षी कोणता ते सांगू लागतो, मग तो मेळघाटच्या सहलीचं सांगतो, आणि खेळी अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटांची होते. ही लांबण कुणाला जाचत नाही. वर केलेल्या सेकंदांच्या हिशोबात ती धरू नये.

विकत घ्यायचं ठरवणाऱ्यांना एवढंच सांगेन की पहिला डबा नीट खेळून झाल्याशिवाय दुसऱ्याची घाई करू नका. दुकानात आणि व्हिडिओंमध्ये सगळे डबे एकत्र दिसतात, म्हणून वाटतं की एकटा मूळ खेळ अपुरा आहे. तो तसा नाही. घरात मुलं आणि आजी-आजोबा मिळून खेळत असतील तर मूळ खेळात युरोपीय पत्ते मिसळा, बास. एशिया हवा तर पक्ष्यांसाठी घ्या, नकाशा नाही काढला तरी चालेल. ओशनिया तेव्हा, जेव्हा टेबलावरचे सगळे जण पट न वाचता खेळू लागतील आणि चौथी फेरी आली की कुणीतरी वैतागून म्हणेल, ‘झालं, आता पाचही खेळ्या अंडीच.’